आंबलेलं पाणी

“पाइप तर कोरडा आहे,” बाटलीसाहेब म्हणाला.

बायका गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. ओहोटी पुरती लागली होती. खाडीचं पाणी मागे सरून मधल्या धारेपुरतं उरलं होतं आणि कारखान्याच्या भिंतीखालून बाहेर आलेला तो जाडजूड सिमेंटचा पाइप त्यांच्याकडे आ वासून बघत होता. त्याच्या तोंडाशी पांढरी साय वाळून तिचे पोपडे सुटले होते. पण थेंब म्हणून पडत नव्हता.

“साहेब, कालपर्यंत धो धो वाहत होता हो,” आक्का म्हणाली.

“असेल. पण कालचं पाणी मी आज बाटलीत कसं भरू?”

त्याचंही काही खोटं नव्हतं. प्रदूषणाच्या कचेरीतून तो बर्फाची पेटी आणि काचेच्या बाटल्या घेऊन येई, म्हणून बायकांनी त्याचं नाव बाटलीसाहेब ठेवलं होतं. माणूस सरळ होता. बूट काढून, पँट दुमडून चिखलात उतरणारा तो पहिलाच अधिकारी. पण त्याची सरकारी गाडी हमरस्त्यावरून वळायच्या आत कारखान्याला खबर लागलेली असे आणि तो काठावर पोचेपर्यंत पाइप आटलेला असे.

“पाहुणे येणार म्हणून तोंड पुसून बसलाय मेला,” तोफ पाइपाकडे बघून म्हणाली. ती बोलायला लागली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे, म्हणून ती तोफ. “साहेब, तुम्ही जेवायला थांबा. तुमची पाठ वळली की ओकतोच बघा हा.”

साहेब हसला, पण थांबला नाही. रिकाम्या बाटल्या पेटीत खुळखुळवत तो निघून गेला. त्याची गाडी दिसेनाशी झाली, भरतीचं पहिलं पाणी चिखलात शिरू लागलं, आणि पाइपाने एक आचका दिला. मग आंबूस वासाचा पांढरा लोट बाहेर पडला तो संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही.

कारखाना मक्याचं सत्त्व काढायचा. गावात त्याला पिठाचा कारखाना म्हणत. मका भिजवायचे मोठाले हौद होते, आणि त्या हौदांतलं आंबलेलं पाणी स्वच्छ करूनच खाडीत सोडायचं असा नियम होता. त्यासाठी कारखाना उभारतानाच एक टाकीही बांधली होती. ती पहिली एक-दोन वर्षं चालली, मग तिच्या विजेचा खर्च कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला आणि ती बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून सगळं पाणी थेट खाडीत. ते विषारी नव्हे, असं कारखाना म्हणे. मक्याचंच तर पाणी. पण ते पाण्यातला जीव शोषून घेई. शिंपले चिखलातच तोंड उघडून मरायचे. टोपलीत वेचून आणले तर बाजारात पोचेस्तोवर अर्ध्यांना वास सुटे. नेहमीची गिऱ्हाइकं नाक धरून पुढे जाऊ लागली.

आक्काचं सगळं आयुष्य या चिखलावर गेलं होतं. आई लवकर गेली, बाप त्याआधीच कुठे तरी निघून गेला होता. मागे राहिलेल्या धाकट्या भावाला तिने शिंपल्यांच्या टोपल्या विकून वाढवलं. लग्नाचं कुणी विचारलं नाही, तिनेही कुणाला विचारू दिलं नाही. भाऊ शिकला, फिटर झाला, आणि गावात नोकरी देणारी जागा एकच असल्यामुळे पिठाच्या कारखान्यात पंपावर लागला. त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशी आक्काने अख्ख्या आळीला ओरडून सांगितलं होतं. पाणी कुठे जातं हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

आता ती विचारू लागली होती. तिने तोफेला आणि आणखी चारचौघींना गोळा केलं. पाइपाजवळचा पट्टा त्यांनी स्वतःहूनच बंद केला. काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या, की इथले शिंपले कुणी काढायचे नाहीत, उरलेत त्यांना वाढू द्यायचं. सुट्टीच्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेला प्लास्टिकचा कचरा काढायचा. अर्ज करायचे. साहेबांच्या दारात बसायचं. लोक हसले. “चिखलाला कुंपण घालतायत,” म्हणाले. पण काठ्या कुणी उपटल्या नाहीत.

त्या कोरड्या पाइपाच्या दिवशी आक्का घरी न जाता भावाकडे गेली. कारखान्याच्या मागेच कामगारांच्या खोल्या होत्या. धाकटा उंबऱ्यात बसून मुलीच्या सायकलची चेन बसवत होता.

“पाइप कोण बंद करतं रे?” तिने विचारलं.

“पाय तरी धू आधी. चिखल बघ किती आणलायस.”

“कोण करतं?”

धाकट्याचे कान तांबडे झाले. लहानपणापासून त्याला खोटं पचायचं नाही, कान दगा द्यायचे. “वरून फोन येतो. मी झडप फिरवतो. दुसरं काय करू?”

“मी काही म्हटलं का?”

“म्हणालीस नाही, पण उभी अशी राहिलीस की म्हटल्यासारखंच झालं.” त्याने चेन सोडून दिली. “आक्का, मी मीठ कुणाचं खातो? तूच सांग, मी कुणाच्या मिठाला जागू?”

आतून भावजय चहा घेऊन आली. ती शांत मुलगी होती. कारखान्याचा विषय निघाला की तिचा चेहरा बंद व्हायचा. “वन्सं, बसा ना,” एवढंच ती म्हणाली. आक्काने उभ्या उभ्या चहा प्यायला. “तुझं तू बघ,” असं भावाला म्हणून ती निघाली. तिला त्याच्यावर जोर करायचा नव्हता. पण आपण त्याच्या दारात जाऊन उभं राहिलो हाच जोर होता, हे तिला घरी पोचल्यावर उमगलं.

आठवडाभराने ती काठावर टोपली विसळत असताना धाकटा तिच्यामागे येऊन उभा राहिला. तिच्याकडे न बघता, समोरच्या पाण्याशी बोलावं तसा तो म्हणाला, “गुरुवारी मोठे हौद रिकामे करणार आहेत. जेवणाच्या भोंग्यानंतर.”

आक्काचा हात थांबला.

“मी काही बोललो नाही,” तो म्हणाला.

“मी काही ऐकलं नाही,” ती म्हणाली.

तो गेला. त्याचे कान तांबडे होते की नाही हे तिने पाहिलं नाही.

गुरुवारी बाटलीसाहेब सरकारी गाडीने आला नाही. आक्काने त्याला पलीकडच्या गावात उतरायला सांगितलं होतं आणि तिथून तोफेच्या नवऱ्याच्या होडीतून, माशांच्या जाळ्याआड बसवून आणला. भोंगा झाला. पाइपाने आचका दिला. साहेबाने होडीतूनच हात लांबवून एकामागून एक बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, बायकांना साक्षीला सह्या करायला लावल्या. बाटल्यांत दूध भरल्यासारखं दिसत होतं. “अहो साहेब, विरजण लावा, उद्याला दही होईल,” तोफ म्हणाली, आणि होडी हलेपर्यंत सगळे हसले. आक्काही हसली. तेव्हाचं ते हसू तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

महिन्याभरात कारखान्याला नोटीस गेली. ठरलेल्या मुदतीत टाकी सुरू करा, नाहीतर कुलूप लावू. तोफेने सगळ्यांना चहा पाजला. आळीतून जाताना लोक आक्काला वाट देऊ लागले. काही कौतुकाने, काही रागाने. कारखाना बंद पडला तर खायचं काय, असं कामगारांच्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. धाकटा मात्र खुशीत दिसला.

“चालू होतेय टाकी,” तो तिला म्हणाला. “धावपळ चाललीय नुसती. साहेब लोक दिवसातून दहादा येऊन विचारतात, झाली का, झाली का. तळाशी पंप गाळात रुतून बसलाय. तो निघाला की झालं.”

“कोण काढणार?”

“दुसरा फिटर कुठाय?” तो हसला. “तुझीच कामं करतोय बघ. पगार मात्र त्यांचा.”

पंप काढायचा ठरला त्या दिवशी भोंगा अवेळी वाजला.

बायका चिखलावर होत्या. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तोफ वाकलेली सरळ झाली आणि म्हणाली, “आता कसला भोंगा?” भोंगा थांबेना. कारखान्याच्या भिंतीपलीकडून माणसांचा गलका ऐकू आला. आक्काने हातातलं खुरपं टाकलं आणि धावली. चिखलात माणसाला धावता येत नाही. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. काठ समोर दिसत होता आणि येत नव्हता.

काय झालं ते तिला फाटकाशी तुकड्यातुकड्यांनी कळलं. टाकीचं झाकण सकाळी उघडलं होतं. धाकटा लोखंडी शिडीने खाली उतरला. अर्ध्या वाटेत तो थबकला, वर बघून काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि झोप आल्यासारखा शिडीवरून घरंगळला. ना दोर बांधलेला, ना तोंडावर मुखवटा. वरच्यांनी आरडाओरडा केला. वजनकाट्यावर मक्याचे ट्रक मोजणारा माणूस जवळच होता. तो धावत आला, खाली वाकून पाहिलं आणि कुणी अडवायच्या आत शिडी उतरू लागला. तोही तसाच पडला. तिसरा एक जण उतरणार होता, त्याला दोघांनी सदऱ्याला धरून मागे ओढला. वर्षानुवर्षं बंद टाकीत पाण्याचा गाळ कुजत पडला होता. अशा गाळातून जो वायू सुटतो तो दोन श्वासांत माणूस मारतो, असं मागाहून दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं. हे कारखान्यात कुणाला तरी माहीत असायलाच हवं होतं. पण मुदत जवळ आली होती आणि सगळ्यांची नजर तारखेवर होती.

दोघांना दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारी शेजारी ठेवलं होतं. आक्काने भावाचे हात पुसले. पुन्हा पुसले. नखांत पांढरा गाळ होता आणि तो आंबूस वास काही केल्या जात नव्हता. तिला तो वास ओळखीचा होता. तिच्या स्वतःच्या हातांनाही तोच येत होता.

भावजय भिंतीला टेकून बसली होती. आक्का तिच्याजवळ गेली तेव्हा तिने हळूच, कुणाला दिसू नये असा, आपला पदर बाजूला ओढून घेतला.

पुढे गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. शिंपल्यांसाठी दोन माणसं खाल्ली. हे वाक्य कुणी पहिल्यांदा उच्चारलं कोण जाणे, पण ते नळावर, दुकानात, रिक्षाच्या थांब्यावर सगळीकडे पोचलं. एका सकाळी पट्ट्यातल्या काठ्या उपटून कुणीतरी त्यांचा ढीग आक्काच्या दारात रचून ठेवला. तोफ भांडायला निघाली, तिला आक्कानेच आवरलं. चारचौघींपैकी दोघींनी येणं सोडलं. एकीचा मुलगा कारखान्यात होता, दुसरीच्या नवऱ्याने मनाई केली. अपघाताची चौकशी झाली, टाकीवर देखरेख करणाऱ्या एका किरकोळ माणसाला घरी बसवलं आणि फाइल मिटली. भावजयीला पोती भरायच्या खात्यात काम मिळालं. खोली राहिली, मुलीची शाळा राहिली. ती रोज पांढरा एप्रन घालून त्या फाटकातून आत जाऊ लागली.

आक्का चिखलावर जाईनाशी झाली. बाजारात मासे साफ करून द्यायला ती दुसऱ्याच्या ओट्यावर बसू लागली. मान खाली, हात चालू. कुणी बोललं तर हो-नाहीपुरतं उत्तर.

एका दुपारी भावजय तिच्या खोलीत आली. मृत्यूनंतर पहिल्यांदाच. एप्रन अंगावर तसाच होता, भुवयांवर पिठाची बारीक पूड बसली होती. तिला बस म्हणावं की नाही हे आक्काला कळेना.

“वन्सं, एक विचारते. खरं सांगा.”

“विचार.”

“खात्यात बायका बोलतात. पाइप कधी सुटणार ते तुम्हाला आतून कळलं होतं म्हणे.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “यांनी सांगितलं होतं का?”

आक्काने या प्रश्नाची उत्तरं पुष्कळदा तयार केली होती. नाही म्हणायचं. म्हणजे तो साधा कामावर मेलेला माणूस राहील, त्याच्या बायकोला त्याचा राग येणार नाही. पण समोरच्या त्या पांढऱ्या भुवया बघून तिला खोटं बोलवेना.

“हो,” ती म्हणाली. “मला सांगितलं त्याने.”

भावजयीने दाराच्या कडीकडे पाहिलं. आक्का वाट बघत होती, की आता ती ओरडेल, शाप देईल, अंगावर येईल. आलं तर बरं, असंही तिला वाटत होतं.

“मला का नाही सांगितलं?” भावजय म्हणाली.

आक्काने पदराला हात पुसले.

“त्या बुधवारी रात्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हटलं, पोट दुखतंय का? गरम पाणी करून दिलं. प्यायले. काही बोलले नाहीत.” तिचा आवाज आता कुठे चिरकला. “मी कुणाला सांगणार होते, वन्सं? मी परकी होते का?”

“तुझ्या जिवाला घोर नको म्हणून असेल गं.”

“असेल.” तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, पीठ गालावर फासलं गेलं. “आणि म्हणूनच त्यांना उतरवलं का? कारखान्याला कळलं होतं म्हणून?”

“ते मला माहीत नाही. दुसरा फिटर नव्हता, हेही खरं.”

“म्हणजे ते कधी कळणारच नाही.”

“नाही,” आक्का म्हणाली.

भावजय निघाली. दारात क्षणभर थांबली, पण मागे न वळता गेली. पाणीसुद्धा न पिता गेली हे आक्काच्या मागाहून लक्षात आलं.

थंडी सरत आली तेव्हा बाटलीसाहेब बाजारात तिला शोधत आला. ओट्यासमोर, माशांच्या खवल्यांत तो उभा राहिला. वाळल्यासारखा दिसत होता.

“टाकी सुरू झाली, आक्का. नीट सुरू झाली. पाणी तपासायचंय. तुम्ही याल का?”

“तोफ येईल की.”

“त्या येतातच.” तो घुटमळला. “नोटीस मीच लिहिली होती. मुदत मीच टाकली होती. टाकी कशी उघडायची, कशी साफ करायची, हे त्यात लिहावं असं मला सुचलं नाही. एक ओळ लागली असती.” तो खाली खवल्यांकडे बघत होता. “तुम्ही यावं असं मी म्हणू शकत नाही. तरी विचारायला आलो.”

आक्काने सुरी धुतली. त्याला तू चुकलास म्हणावं, की तुझी चूक नाही म्हणावं, दोन्ही तिच्या तोंडून निघेना. ती त्याच्याबरोबर गेली, एवढंच.

पाइपातून पाणी येत होतं. पिवळसर, पण आरपार दिसणारं. वास जवळजवळ नव्हता. साहेब बाटल्या भरत होता. तोफ पहिल्यांदाच काही न बोलता पेटी धरून उभी होती. आक्काने सवयीने वाकून चिखलात बोटं खुपसली आणि मूठभर चिखल वर काढला. त्यात मसुरीच्या डाळीएवढे शिंपले होते. एकेका बोटाला तीन-तीन, चार-चार चिकटलेले, घट्ट मिटलेले, जिवंत.

तिला आनंद झाला. झाला तसा तिला त्या आनंदाची शिसारी आली. तिने मूठ पाण्यात हळूच सोडली आणि हात बराच वेळ धुतला.

“पट्टा बंदच ठेवायचा अजून,” ती तोफेला म्हणाली. “या पावसाळ्यानंतर बघू. काठ्या आहेत माझ्या दारात.”

“मी आणते,” तोफ म्हणाली.

काठ्या रोवून झाल्या. महिन्याकाठी बाटल्याही भरल्या जाऊ लागल्या. एकदा टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारी यंत्रं वीज वाचवायला दोन दिवस बंद ठेवलेली सापडली. पुन्हा पत्र, पुन्हा दंड. हे असं चालतच राहणार, हे आक्काला कळून चुकलं होतं. लक्ष ठेवायचं सोडलं की पाणी पुन्हा आंबणार. ती जात राहिली. पण एक काम तिच्या मनातून हलत नव्हतं आणि ते करायचं धाडस तिला होत नव्हतं.

वजनकाट्यावरच्या माणसाची आई खाडीच्या पलीकडे राहायची. मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, दोघंच राहत. आक्का तिच्या घरी एकदाही गेली नव्हती. कोणत्या तोंडाने जायचं? तुझा मुलगा माझ्या भावाला काढायला गेला आणि गेला, आणि माझा भाऊ तिथे उतरला तो माझ्या अर्जांमुळे. असं सांगत कुणी कुणाच्या दारात जातं का?

एका रविवारी ती निघालीच. पुलाच्या तोंडाशी भावजय भेटली. भाजीची पिशवी हातात होती. दोघी थांबल्या.

“कुठे निघालात?” भावजयीने विचारलं.

“काटेवाल्याच्या आईकडे.”

भावजयीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुलावरून ट्रक चालले होते, मक्याने भरलेले. ते जाईपर्यंत ती थांबली.

“मीही येते,” ती म्हणाली.

दोघी पूल ओलांडून गेल्या.

म्हातारी घरातच होती. एकच खोली, खिडकी रस्त्यावर. ती खाटेवर बसून उशीचा अभ्रा शिवत होती. दोघींनी आपण कोण ते सांगितलं, तेव्हा तिने सुई कापडात टोचून ठेवली.

“मी वाट बघत होते,” ती म्हणाली. “कंपनीची माणसं येऊन गेली. फोटोवाले येऊन गेले. चौकशीवाला तर दोनदा आला. तुमच्यातलं कुणी येईना.”

“यायची हिंमत होत नव्हती,” आक्का म्हणाली. “माझ्यामुळेच सगळं…”

म्हातारीने हात हलवला, माशी वारावी तसा. “ते मला नका सांगू. कुणामुळे झालं ते सगळ्यांनी सांगून झालंय मला, आणि प्रत्येकाचं वेगळं आहे.” ती जरा पुढे सरकली. “माझा मुलगा भित्रा होता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. रस्त्यात भांडण दिसलं तर पलीकडच्या बाजूने जाणारा. गच्चीवर चढायचा नाही, विहिरीत डोकावायचा नाही. तुमच्या माणसाशी त्याची मैत्रीही नव्हती. मी विचारलं सगळ्यांना. नुसती येता-जाता तोंडओळख. तरी उतरला.”

तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“मला एवढंच विचारायचंय. तो कसा होता? माझा ज्याच्यासाठी उतरला, तो माणूस कसा होता?”

आक्काने बोलायला तोंड उघडलं. जन्मभर जवळून पाहिलेला भाऊ, पण एकही वाक्य जुळेना. चांगला होता, असं म्हणावं, तर ते मेलेल्या कुणाबद्दलही म्हणतात.

“आळशी होते,” भावजय म्हणाली.

आक्काने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“सुट्टीच्या दिवशी दहा हाका माराव्या लागायच्या. आंघोळीला पाठवलं तर पेपर घेऊन बसायचे.”

“आळशी नव्हता हां,” आक्का म्हणाली. “लहानपणी माझ्याआधी उठायचा. टोपल्या धुऊन ठेवायचा.”

“ते तुमच्याकडे. माझ्याकडे आळशी.”

“आणि कोडगा होता जरा,” आक्का म्हणाली. “मार खाल्ला तरी रडायचा नाही. लपून बसायचा.”

“लपून कसले? मुलीला इंजेक्शन दिलं की हेच रडायचे, डॉक्टरांसमोर. मला बाहेर घेऊन जावं लागायचं.”

“रडायचा?” आक्काने विचारलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

“ढसाढसा.”

म्हातारी ऐकत होती. तिच्या ओठांची किंचित हालचाल होत होती, ऐकलेलं पाठ करत असल्यासारखी. बाहेरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली आणि भावजयीचे पुढचे शब्द त्या आवाजात बुडाले. म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं. गुडघ्यांवर जोर देत ती उठली, खिडकी लावून घेतली, कडी बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग परत खाटेवर बसताना तिने अभ्रा उचलून बाजूला ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटून दोघींना जवळ बोलावलं.

“आता सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”